माझ्या अंगठ्याच्या नखाचं निदान

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. एरवी पायांवर डोकं ठेवलं असतं, पण आमच्या घरात पाय हा विषय सध्या इतका नाजूक झालाय की हा नमस्कार दुरूनच गोड मानून घे. तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसेल तर मला कळव. तब्येतीच्या बाबतीत माझं मत आता विचारात घेण्यासारखं झालं आहे.) आम्ही सगळे मजेत. मी जरा जास्तच, कारण माझं निदान झालंय.

त्याचं असं झालं. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख हिवाळ्यापासून पिवळं पडायला लागलं. मग ते जाड झालं, मग कडेनं खडूसारखं भुरभुरायला लागलं. ही म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा." मी म्हणालो, "तलावाच्या भिंतीवर आपटलंय, येईल नवं." ताई, ज्याचा जन्म लोकांना पोहायला शिकवण्यात गेला त्याला भिंतीवर आपटलेलं नख ओळखता येऊ नये का? तरी हिच्या समाधानासाठी मी उपचार सुरू केले. आधी व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून बसलो (घरभर असा वास सुटला की पेपर टाकणारा पेपर जिन्यातच ठेवून जायला लागला), मग टूथपेस्ट लावली, मग औषधांच्या दुकानातून एक मलम आणून चोपडलं. तरीही नखाचा रंग काही बदलेना, म्हणून शेवटी मीच तो बदलला. हिच्या कपाटात अंगाच्या रंगाचं नेलपॉलिश सापडलं. दोन हात दिले. इतकं बेमालूम दिसत होतं की मी ते मुद्दाम पुढे करून चालायचो.

तुला माहीतच आहे, सकाळचा माझा वर्ग म्हणजे उतारवयात पोहायला शिकणाऱ्या बायका. त्यातल्या एक शिवणकामवाल्या बाई, आयुष्यभर मशीनवर बसलेल्या, उत्तम हात मारतात, पण भिंत सोडायची म्हटली की माझं मनगट धरतात. त्या दिवशीही धरलं होतं. तेवढ्यात माझ्या नखावरचा रंगाचा अख्खा पापुद्रा सुटला आणि माशाच्या खवल्यासारखा तरंगत थेट त्यांच्या हनुवटीशी गेला. बाईंनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. (कापडाची जात ओळखायची सवय.) म्हणाल्या, "सर, हे तुमचंच ना? आणि खाली हे काय झालंय हो नखाला?" अख्खा वर्ग माझ्या अंगठ्याभोवती जमला. दुपारी तलावाच्या व्यवस्थापकांनी बोलावून सांगितलं, "उपचार सुरू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही."

गेलो त्वचेच्या डॉक्टरांकडे. बाई तरुण, पण हात स्थिर. त्यांनी नखाचा तुकडा कापला, खालचा भुगा खरवडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवला. रिपोर्ट आला : बुरशी नाही! मी रिपोर्ट हिच्यापुढे असा धरला जसा काही पदक मिळालंय. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "याआधी काही लावत होतात का?" मी अभिमानानं सगळी यादी सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "असं बुरशीचं मलम लावलं की बुरशी तपासात सापडेलच असं नाही, पण नखात असू शकते. सगळं बंद करा. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. नुसतं बघून गोळ्या देणार नाही. आपटलेलं नखही असंच दिसतं." (हे शेवटचं वाक्य मी घरी जरा मोठ्यानं सांगितलं.)

ते काही आठवडे मी काठावर बूट घालून उभा होतो, ताई. हातात लांब काठी, गळ्यात शिट्टी. पाण्याबाहेरचा पोहण्याचा मास्तर म्हणजे चाकं काढलेली सायकल. लोक बघून हसायचे; त्याचं काही नाही. पण शिवणकामवाल्या बाई भिंतीला चिकटून माझ्याकडे बघायच्या, ते बघवायचं नाही. एकदा म्हणाल्या, "तुम्ही येत नाही तोवर मी इथेच." मी म्हणालो, "बाई, मग माझ्या नखाबरोबर तुम्हीही म्हाताऱ्या व्हाल." त्या चिडल्या. खऱ्याच चिडल्या. आणि त्या रागाच्या भरात त्यांनी भिंत सोडली! मी काठावरून बुटांसकट धावतोय, शिट्टी तोंडात आणि फुंकायला श्वास नाही. त्या समोरच्या काठाला लागल्या, वळून माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागल्या. मीही. (मी पाण्यात नव्हतो, त्यामुळे ते लपवता आलं नाही.)

दुसरा रिपोर्ट आला : बुरशी. आधी रक्त तपासून यकृत ठीक आहे याची खात्री केली, मग गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या काही महिने घ्यायच्या. पण अंगठ्याचं नख फार सावकाश वाढतं, पूर्ण स्वच्छ व्हायला वर्षभर तरी लागेल. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, नेलकटर वेगळा, तलावावर अनवाणी फिरायचं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, मी पुन्हा पाण्यात आहे आणि मुळाशी गुलाबी नखाची एक कोर उगवली आहे. मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

तुझा,
धाकटा

ता. क. व्यवस्थापकांनी मला पायांच्या निगेवर चार शब्द बोलायला सांगितलंय. (माझ्याइतका अनुभवी माणूस त्यांना दुसरा कुठला मिळणार?) भिंतीवर लावायला निरोगी पायाचा फोटो हवाय. माझा चालत नाही. भाऊजींच्या पायाचा काढून पाठव, मोजे काढून.

ता. क. दुसरा. फोटोची गरज नाही, हिचा पाय छान आहे. खरी गोष्ट अशी की मागच्या उन्हाळ्यात भाऊजी आमच्याकडे आठवडाभर राहिले आणि झोपतानासुद्धा त्यांनी मोजे काढले नाहीत. तेव्हा मला तो शिष्टपणा वाटला. आता तसं वाटत नाही. तू फोटो मागून तेवढा बघ; नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, हसू तर मुळीच नकोस. सरळ डॉक्टरांकडे घेऊन जा. लाज वाटत असेल तर म्हणावं, मी सोबत यायला तयार आहे. चप्पल घालून येईन, अंगठा उघडा ठेवून.