पाकाचं बोट

प्रिय मास्तरीणबाई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र तू अर्धवट टाकणार नाहीस याची मला खात्री आहे, कारण शेवटपर्यंत शुद्धलेखनाच्या चुका काढल्याशिवाय तुला चैन पडायची नाही. काढ खुशाल. सोबत आलेला डबा मात्र पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. वहिनीचं एवढं ऐक.

तुझा दादा बरा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. आत्ता तो खाली बेकरीत भट्टीवाल्या काकांशी हुज्जत घालतोय. बिस्किटं दोन मिनिटं आधी काढायची की नंतर, हा तीस वर्षांचा वाद आजही मिटलेला नाही. तो आज हुज्जत घालायला शिल्लक आहे तो तुझ्यामुळे. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. तुझ्यामुळे, आणि साखर तपासायच्या त्या तुझ्या यंत्रामुळे, जे तू पाच महिन्यांपूर्वी आमच्याकडे टाकून निघून गेलीस.

तो दिवस तुला आठवायलाही नको असेल, पण मला तो सांगावाच लागणार. दादाला मधुमेह होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि डॉक्टरीणबाईंनी नुकतीच एक जादा गोळी सुरू केली होती. या गोळीने साखर कधी कधी फार उतरते, तेव्हा घरी तपासायचं यंत्र घ्यायचा विचार करा, असं त्या म्हणाल्या होत्या. विचार करा म्हटलं की आमच्या घरी काय होतं ते तू जाणतेस. दादा म्हणाला, दर तीन महिन्यांनी दंडातून बाटलीभर रक्त देतो, ते काय कमी पडतंय? माझं भय निराळं होतं. मला वाटायचं, ते यंत्र एकदा घरात आलं की आजारपण आमच्याबरोबर जेवायला बसेल. घास घेण्याआधी आकडा, घेतल्यावर आकडा. त्यामुळे मीही हो ला हो करत राहिले आणि ते घोंगडं तसंच भिजत पडलं.

मग सुट्टीला तू आलीस. दादा घटाघट पाणी पितोय हे तुझ्या नजरेतून सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या इन्सुलिनच्या पिशवीतलं स्वतःचं यंत्र घेऊन थेट केक सजवायच्या टेबलापाशी आलीस, समोर गिऱ्हाइकं उभी असताना. आकडा आला चारशे अडतीस. तुझा चेहरा पांढराफटक पडला. दादाला एप्रनसकट गाडीत कोंबून तू दवाखान्यात नेलंस, तिथे दंडातून रक्त काढलं, आणि आकडा निघाला एकशे एकसष्ट. पुढचे दोन दिवस दादाला ऊत आला होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायचा, मास्तरीणबाईंनी मला चारशे अडतीस मार्क दिले, शाळेतल्या सगळ्या परीक्षांचे मिळून कधी एवढे पडले नव्हते! लोक हसले, काका हसले, मीही हसले. तूसुद्धा हसलीस. आणि चार दिवस आधीच परतलीस. जाताना यंत्र पट्ट्यांसकट साच्यांच्या खणात ठेवून म्हणालीस, असलं खोटारडं खेळणं काय करायचंय, असू दे इथेच.

आता माझी कबुली. दादा पाक कसा बघतो ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. केकवर फिरवायचा पाक उकळला की चमच्याने थेंब घ्यायचा, अंगठा आणि पहिलं बोट यांत दाबायचा आणि तार ओढून बघायची. घरात पाकाचा थर्मामीटर आहे, पण तो दादाने कधी खोक्यातून काढला नाही. माझी बोटं हेच माझं यंत्र, म्हणतो. त्या सकाळी तू त्याला म्हणालीस, हात धुऊन ये. मग तू पाठ फिरवून रक्ताचा थेंब टिपायच्या पट्ट्यांची बाटली उघडू लागलीस. दादाने नुकतीच तार बघितली होती. त्याने बोट एप्रनला पुसलं, धुतले म्हणाला, आणि तेच बोट पुढे केलं. मी हे समोरून बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही, शपथ. संध्याकाळी तुझं यंत्र पुसायला घेतलं तर माझा अंगठा त्याला चिकटला. एकतीस वर्षं या बेकरीत काढली आहेत, पाकाचा चिकटपणा मी झोपेतही ओळखेन. तुझ्या यंत्राने रक्ताबरोबर दादाच्या बोटावरचा पाकही मोजला होता.

मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू वरच्या खोलीत एकटीच बसली होतीस. चौदा पायऱ्या चढून तुला सांगायचं, एवढंच काम होतं. मी यंत्र पुसलं आणि गप्प बसले. का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. या घरात तुझा शब्द नेहमी खरा ठरत आला. आमच्या लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, भट्टी कुठली घ्यायची, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, सगळ्यात तू म्हणशील तेच बरोबर निघायचं. एकदा तुझं चुकलं, चारचौघांत चुकलं, आणि मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. शिवाय यंत्राची पीडाही परस्पर टळली. मी इतकी हलकी निघाले गं.

गेल्या महिन्यात त्याची परतफेड झाली. मंगळवार होता, एका शाळेच्या कार्यक्रमाचे चाळीस केक दुपारपर्यंत द्यायचे होते. दादाने सकाळची गोळी घेतली आणि न्याहारी नंतर करतो म्हणून तशीच ठेवली. साडेदहाच्या सुमारास तो उगाचच सगळ्यांवर खेकसायला लागला. घामाने निथळत होता, पण भट्टीपाशी घाम कुणाला येत नाही? मग मी केक बघितला. क्रीमच्या कोनाने नाव लिहिताना ज्याची ओळ कधी केसभर हलली नाही, त्याची अक्षरं केकवरून घसरत खाली गेली होती. आणि तो तसाच वळून, हातमोजे न घालता, भट्टीतल्या ट्रेला हात घालायला निघाला. मी कोपराला धरून त्याला मागे ओढलं.

खुर्चीवर बसवलं तर तो माझ्याकडे अनोळखी माणसासारखा बघत होता. काका ओरडले, साखर वाढली असेल, गोड काही देऊ नका! मलाही तेच वाटलं. तो आकडा पाकाचा होता हे ठाऊक असूनही माझ्या डोक्यात ते चारशेच घट्ट बसले होते. पण मन मानेना. साच्यांचा खण ओढला, तुझं यंत्र काढलं, बाटलीवरची तारीख बघितली. मग तुझा आवाज कानात आला, हात धुऊन ये. तो नको नको म्हणत असताना मी त्याची दहाही बोटं साबणाने धुतली, कोरडी केली आणि टोचलं. एकोणपन्नास. मास्तरीणबाई, फक्त एकोणपन्नास! साखर वाढली नव्हती, पार तळाला गेली होती. गॅसवरून उतरवून ठेवलेला कोमट पाक होता, तोच चमच्याने थोडा थोडा पाजला. पंधरा मिनिटांनी त्याने मान वर केली आणि विचारलं, या केकची वाट कुणी लावली? मी तिथेच पिठाच्या गोणीवर बसून रडले. तुझं यंत्र खणात नसतं तर मी त्याला साखरेचा कणही दिला नसता.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. त्या म्हणाल्या, घरी तपासणं सगळ्यांनाच लागतं असं नाही, पण तुम्हाला लागतं, आणि केव्हा केव्हा तपासायचं तेही लिहून दिलं. त्याच दिवशी आम्ही आमचं स्वतःचं यंत्र घेतलं. आजारपण काही जेवायला बसलेलं नाही. दादा टोचून घेतो, आकडा बघतो आणि पाव मागतो.

घरी आल्यावर मी त्याला पाकाच्या बोटाचं सांगितलं. त्याला पटेना. मग त्याने काय केलं असेल? एका बोटाने पाकाची तार बघितली, एप्रनला पुसलं, तपासलं. चारशे दोन. दुसऱ्या हाताचं बोट साबणाने धुतलं, तपासलं. एकशे अठरा. त्याने दोन्ही बोटं समोर धरली. मग म्हणाला, म्हणजे मी तिला सगळ्या गावासमोर खोटं पाडलं. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला, परत ठेवला. तुझा दादा माफी मागायच्या बाबतीत कच्चाच राहिला.

मीही आणखी महिनाभर हिंमत गोळा करत बसले असते. पण रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला. तू इथून गेल्यापासून एकदाही साखर तपासली नाहीस, असं ती म्हणाली. नवीन यंत्र घेऊ देत नाहीस, ही यंत्रं खोटं बोलतात म्हणतेस, आणि रोजचं इन्सुलिन नुसत्या अंदाजाने टोचतेस. ते ऐकलं आणि मी उठून तुझं यंत्र खणातून बाहेर काढलं. ज्या यंत्राने माझा माणूस वाचवला, त्याच्यावरचा तुझा विश्वास मी चौदा पायऱ्या न चढल्यामुळे उडाला. म्हणून हे पत्र. तुझं यंत्र चुकलं नव्हतं. तू चुकली नव्हतीस. माझ्यावर हवं तितकं रागव, जन्मभर रागव, पण आता अंदाजाने एक दिवसही काढू नकोस. आधी तुझ्या डॉक्टरांना भेट.

डबा उघड आता. तुझंच यंत्र आहे, पट्ट्यांची बाटली नवी आहे. झाकणावर दादाने केकवरच्या त्याच्या अक्षरात 'आधी हात धू' असं लिहिलंय आणि कोपऱ्यात लाल शाईने तुला पैकीच्या पैकी गुण दिलेत. आकडा कितीही येवो, आला की फोन कर. दादाच उचलेल. डबा बांधल्यापासून तो फोनच्या शेजारचंच काम काढून बसतोय.

तुझीच,
वहिनी