टाकीमागची नववी बादली

१६ जुलै
उशिरा लिहितोय, वहीबाई, माफी! महिनाभर रोपांच्या काळजीत पेन हाती आलंच नाही. आज लावणी झाली. रंगाच्या नऊ रिकाम्या बादल्या, दर बादलीत वेगळा वाण. आठ कठड्याला, नववी पाण्याच्या टाकीमागं — जागाच नव्हती.

गावाकडं धान संशोधन केंद्रात एकतीस वर्षं मजुरी केली. चिमट्यानं फुलातले केसर काढायचे, कागदी पिशवी घालायची, दुसऱ्या जातीचा पराग झटकायचा. हात माझे, नाव साहेबांचं. हा संकर मात्र माझा! आमचा गावठी उंच धान खताशिवाय येतो, पण वाऱ्यात लोळतो. दुसरा बुटका, ताठ. दोघांची ही तिसरी पिढी, धायरीत, लेकाच्या सोसायटीच्या गच्चीवर. सातवी नापास माणसाचे उद्योग!

केंद्रातल्या आम्रपाली मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, एकच वाण पाठवा. खताचा कणही न घालता उभा राहिलेला. पुढच्या खरिपात शेतात लावू." एकच! चुकलो तर?

२ ऑगस्ट
रोपं पिवळी पडली. इंदूला बघवत नाही. "अहो, उपाशी ठेवून कुणी लेकरं वाढवतं का?"
उपाशी कोण तगतं तेच तर बघायचंय, बाई!

१९ ऑगस्ट
सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ वर आले. "बद्रीनाथ, गच्चीचा सातबारा कुणाच्या नावावर?" बादल्या काढायला लावतात की काय! जाताना हळूच, "तांदूळ वासाचा आहे का हो?"
वाचलो.

९ सप्टेंबर
श्रावण संपल्यापासून गच्चीवर मांजरं फार. बादल्यांभोवतीच घुटमळतात. काय ठेवलंय तिथं मेल्यांचं?

१८ सप्टेंबर
लोंब्या आल्या! चार नंबरला अठरा फुटवे, हिरवागार. उपाशीपोटी! झोप उडाली — आनंदानं की काळजीनं, कोण जाणे.
नऊ नंबरला जेमतेम सहा. कीव येते. कालच्या वाऱ्यात ताठ उभा होता म्हणा. असो.

२३ ऑक्टोबर
कापणी झाली. चारचं बी मॅडमना कुरिअरनं गेलं. पत्ता तीनदा तपासला.
नऊच्या सहाही लोंब्यांचा झुबका बांधला. नवा धान आला की आमच्याकडं चिमण्यांसाठी दाराला टांगतात. भाऊबीजेला आलेल्या उत्कर्षाला दिला. लेक खूश. "बाबा, खडकीत आमच्या क्वार्टरला चिमण्याच चिमण्या!"

२ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. "काका, दाणे काय टपोरे आहेत! खत खरंच नाही ना?"
"शपथ!" म्हटलं. फोन ठेवला, तर इंदू खुदकन हसली.
"काय गं?"
"काही नाही. श्रावणात तांदळाचं धुवण घातलं, नंतर मासळी धुतलेलं पाणी. ते काय खत असतं होय? आठही बादल्यांना सारखं घातलं हो, भेदभाव नाही केला."
"आठ? आणि नववीला?"
"टाकीमागं वाकायला गुडघे कुठं आहेत माझे!"

३ नोव्हेंबर
मॅडमना खरं सांगून टाकलं. चार नंबर बाद. उपाशी वाढला तो एकटा नऊ!
खडकीला अकरा फोन केले, उचलत नाही. उत्कर्षा, पोरी, चिमण्यांना हाकल. दहा दाणे उरले असले तरी पुरेत. काय ते लवकर कळव गं!