कलम सहावे: प्योच्या घराशी भागीदारी नको

मी, बांग दोक-साम, वय सत्त्याहत्तर, आमच्या जुन्या मोजणीने अठ्ठ्याहत्तर, धंदा परदेशातल्या बांधकामांवर सेंट्रिंगचे ठेके घेण्याचा, राहणार मासान, बंदरामागच्या चढावरचे खालच्या अंगाचे घर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. दारू प्यालेलो नाही, ती डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच बंद केली. येत्या गुरुवारी बुसानच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव जण उठून घरी जातात. उरलेल्या तिघांचे काय होते ते मी विचारले, तर ते हसले. म्हणून हे मृत्युपत्र.

वकिलाच्या सांगण्याप्रमाणे, सगळे स्वतःच्या अक्षरात लिहून तारीख, पत्ता, नाव घातले आणि शिक्का मारला की आमच्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेणार आहे. माझी शाळा सहावीला सुटली. अक्षर असे आहे की उद्या कोणीही म्हणेल, हे बांगचे नव्हे, कोंबडीचे आहे.

कलम पहिले. राहते घर आणि अंगण माझी पत्नी ताक माल-सुन हिचे. छपराच्या उत्तर कोपऱ्यात पाणी झिरपते, ते पावसाळ्याआधी बघून घ्यावे. पर्सिमनचे झाडही तिचेच. त्याची वरच्या गल्लीकडे गेलेली फांदी प्यो गिल-जूच्या अंगणावर येते आणि तिची फळे त्याच्या घरचे खातात. ती फांदी ठेवावी की छाटावी हे तिने ठरवावे. मी सतरा वर्षे दातओठ खाऊन गप्प बसलो. आमच्या खिडकीतून अर्धी खाडी दिसते, अर्धी पाण्याच्या टाकीआड जाते. प्योच्या गच्चीतून सगळी दिसते. हा प्यो माझ्याच धंद्यातला, पायलिंगचा, म्हणजे पायाचे खांब जमिनीत ठोकण्याचा ठेकेदार. या कागदात तो नको तितक्या वेळा येईल. माझ्या आयुष्यातही तसेच झाले.

कलम दुसरे. बँकेतली ठेव मुलगा छी-हुन याला. तो सोलमध्ये दातांचा डॉक्टर आहे. कंपनीत त्याला रस नाही. त्याच्या लहानपणी बाप वर्षातून वीस दिवस दिसायचा, त्यामुळे धंद्यावर त्याचा राग आहे आणि तो रास्त आहे. एकच बोलतो. गेल्या वर्षी तो इथे आला होता तेव्हा त्याने प्योचे दात तपासले आणि जेवताना मला कौतुकाने सांगितले, "बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत काका, पण एकही दात पडलेला नाही." मी तेव्हा कवळी काढून वाटीत ठेवली होती. असल्या गोष्टी मुलाने बापाला सांगू नयेत.

कलम तिसरे. माझी हत्यारे. लाकडी दांड्याचा हातोडा, ओळंबा, दोन करवती आणि पाणसळ ही छी-हुनच्या मुलाला द्यावी, तो वापरो न वापरो. ओळंब्याची दोरी बदलू नये.

कलम चौथे. माझ्या पुण्यतिथीला पाच पदार्थांपेक्षा जास्त करू नयेत. माल-सुनचे गुडघे दुखतात. सुनेवर सगळे टाकून बाकीच्यांनी टीव्ही बघत बसू नये.

कलम पाचवे. माझ्या नऊ वह्या मुलगी मिरान हिला. कंपनी आठ वर्षांपासून तीच चालवते. या वह्यांत मी ज्या ज्या देशांत टेंडर भरले तिथे काय काय बिघडू शकते ते लिहिले आहे. पाऊस, बंदरावर अडकणारे सामान, चलन घसरणे, मजुरांचे व्हिसा, माती परीक्षणाच्या अहवालातला खोटेपणा, मंत्री बदलणे. प्रत्येक धोक्यासाठी मी दरात थोडे थोडे वाढवत असे. अशाने माझा दर फुगायचा. सतरा टेंडरांपैकी चौदा हरलो आणि त्यातली नऊ प्योने घेतली. फिलिपिन्सच्या एका कामात मी बंदरावरच्या खोळंब्याचे चाळीस दिवस धरले होते. प्यो तिथे जाऊन चार दिवस फिरला. त्याला कळले की साठ किलोमीटरवर मासेमारीचे एक लहान बंदर आहे आणि तिथे सामान दोन दिवसांत सुटते. त्याने खोळंब्याचा एक दिवसही धरला नाही. काम त्याला मिळाले आणि वेळेत झाले. ती बातमी वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. माझ्या वह्या खोट्या नाहीत. पण मी त्या मासानच्या टेबलाशी बसून लिहिल्या, हे मिरानने लक्षात ठेवावे.

कलम सहावे. कंपनीतले माझे शंभरातले साठ हिस्से मिरानचे. अट एकच. प्यो गिल-जू किंवा त्याचा मुलगा यांच्या कंपनीबरोबर तिने कधीही एकत्र टेंडर भरू नये. भरल्यास हे हिस्से छी-हुनकडे जावेत आणि त्याने ते विकून मोकळे व्हावे.

ही अट आत्ताच का, तेही लिहितो. सुलावेसीच्या किनाऱ्यावर मालधक्का बांधायचा आहे आणि टेंडरची शेवटची तारीख याच महिन्याची अठ्ठावीस आहे. पाण्याखालचे खांब प्योच्या कंपनीने आणि वरचे सेंट्रिंग आमच्या कंपनीने करावे, एकाच कागदावर दोघांची नावे असावीत, असे प्योच्या मुलाने सुचवले. एकट्याने भरायला दोघेही लहान पडतात. मिरान म्हणते, जुलैनंतर आपल्या एक्केचाळीस माणसांना काम नाही आणि या वर्षी दुसरे काही हाती लागणार नाही. मला ते कळते. पण एकत्र टेंडर म्हणजे त्याचा खांब खचला तर भरपाई आम्हीही द्यायची. त्यातून तो प्योचा खांब.

याचे मूळ जुने आहे. अठ्ठ्याहत्तर साली सौदीच्या वाळवंटात आम्ही दोघे सुतार होतो, एका पत्र्याच्या खोलीत. वरची खाट त्याची, खालची माझी. तो दोन वर्षांनी मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. मनात शिव्या घातल्या तरी तोंडाने आजही दादाच म्हणतो. आमच्या खोलीतला तिसरा सुतार परांचीवरून पडून गेला. त्या साइटची पूजा झाली नव्हती. आमच्यात काम सुरू करताना डुकराचे मुंडके पाटावर ठेवतात, तांदळाची दारू ओतून तीनदा लोटांगण घालतात, आणि मुंडके हसरे असेल तर साइट सांभाळली जाते. सौदीत ते कुठून आणणार? तो पडला तेव्हा मी ठरवले, की माझे स्वतःचे काम मी मुंडक्याशिवाय कधी सुरू करणार नाही.

चौऱ्याण्णव साली मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर पुलाचे काम निघाले. पायलिंग प्योला मिळाले, सेंट्रिंग मला. मी वह्यांत पाऊस लिहिला, पूर लिहिला, मगरीसुद्धा लिहिल्या. आणि पूजेच्या आदल्या दिवशी चार तास गाडी चालवून शहरातल्या चिनी खाटकाकडून हसरे मुंडके आणले. उन्हात खराब होईल म्हणून मजुरांच्या खाणावळीच्या फ्रिजमध्ये ठेवले. त्यांच्या माशांच्या आणि नारळाच्या दुधाच्या शेजारी. दोनशे मजुरांपैकी एकशे ऐंशी मुसलमान होते.

सकाळी स्वयंपाकीणबाईंनी फ्रिज उघडला. दहा वाजेपर्यंत साइटवर एक माणूस उरला नाही. आमचे तिथले भागीदार हाजी मोख्तार यांनी माझ्या तोंडाकडे न बघता मागच्या मागे गाडी वळवली. अकरा दिवस काम बंद राहिले. मी कंटेनरमध्ये कडी लावून बसलो होतो. प्योने स्वतःच्या कामाची पूजा एका सुक्या माशाला पांढरा दोरा बांधून उरकली होती. तो हाजींच्या घरी गेला आणि पायरीवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला आत घेतले. मग त्याने एका मौलवीला बोलावले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे माझ्या खाणावळीचा फ्रिज, पातेली, चमचे, सगळे सात सात वेळा धुतले, त्यातले एकदा मातीच्या पाण्याने. स्वतः उकिडवे बसून. मजूर बघत उभे होते. बाराव्या दिवशी ते परत आले.

पुलाचा दुसरा टप्पा निघाला तो सगळा प्योला मिळाला, सेंट्रिंगसकट. माझी भांडी धुऊन त्याने माझे काम चोरले. हे मी तीस वर्षे सांगत आलो आहे आणि इथेही लिहून ठेवतो.

इथपर्यंत रविवारी लिहिले. खालचे मंगळवारी.

सोमवारी सकाळी हे कागद शुद्धलेखन बघायला माल-सुनकडे दिले. तिची शाळा नववीपर्यंत झाली आहे. तिने चष्मा लावून सगळे वाचले, दोन शब्द सुधारले आणि कागद माझ्यापुढे ठेवले.

"एवढ्या कलमांत एक खोटं घातलंयत, मिरानचे बाबा."

मी म्हणालो, कुठले?

"भावजींनी काम चोरलं ते. पितरांच्या सणाला तुम्ही दोघं घरी आला होतात, तेव्हा ते आपल्याकडे आले होते. जवाचा चहा मीच दिला. स्वयंपाकघरात होते मी, बहिरी नव्हते."

तीस वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मी विचारले, मग आत्ताच का बोलतेस? ती म्हणाली, आत्तापर्यंत तुम्ही नुसते बोलत होतात, आता शिक्का मारणार आहात.

ती म्हणते ते खरे आहे. प्यो आला होता. तो म्हणाला होता, "दुसरा टप्पा दोघांच्या नावानं भरू. पायलिंग माझं, सेंट्रिंग तुझं. हाजींशी मी बोललोय, त्यांची हरकत नाही." आणि मी म्हणालो होतो, "दादा, तू धुतलेल्या भांड्यात मी जेवत नाही." त्याने चहा संपवला. मग बूट घालता घालता म्हणाला, तिकडे या वर्षी पाऊस लवकर येतोय, साचे झाकून ठेव. मी झाकले नाहीत. सेंट्रिंगचे लाकडी साचे पावसात फुगले.

हे कोणाला सांगायचे नाही म्हणून मी चोरीची गोष्ट रचली, आणि इतक्या वेळा सांगितली की मलाच खरी वाटू लागली. त्याने चोरले असते तर मला सोपे गेले असते. त्याने देऊ केले होते, हेच मला सहन होत नाही. आजही होत नाही. रागापेक्षा हे वाईट आहे. रात्री छातीत दुखते ते झडपेमुळे की यामुळे, हे डॉक्टरांना विचारले नाही.

संध्याकाळी मिरान आली. तिने कलम सहावे वाचले. रडली नाही. तिला रडताना मी तिच्या लग्नातही पाहिले नाही. ती म्हणाली, "बाबा, भरपाईचं सोडा, एवढंच सांगा. मला प्योकाकांच्या खांबाची भीती वाटायला हवी, की तुम्हाला काय वाटेल त्याची?"

मी वह्या काढल्या. एकोणपन्नास प्रकारचे धोके होते. प्योचा खांब खचल्याची एकही नोंद नव्हती, कारण तो कधी खचलाच नाही. मी शेवटच्या पानापर्यंत शोधले.

म्हणून दुरुस्ती. कलम सहाव्यातली अट आडवी रेघ मारून खोडली आहे आणि कायद्याप्रमाणे रेघेशेजारी माझा शिक्का उमटवला आहे. चोरीबद्दलची दोन वाक्येही खोडली आहेत, त्यांच्याशेजारीही शिक्का आहे. खोडलेले वाचता येते. येऊ द्यावे. साठ हिस्से मिरानचे, विनाअट. मी गुरुवारी उठलो नाही तरी तिने अठ्ठावीस तारखेला टेंडर भरावे. छी-हुनने हरकत घेऊ नये, ही विनंती नव्हे, बापाचा हुकूम आहे. दोन गोष्टी मात्र कराराच्या आधी पक्क्या कराव्यात. समुद्रतळाची माती तिने स्वतः जाऊन बघावी, अहवालावर जाऊ नये. आणि कोणाच्या चुकीची भरपाई कोणी किती द्यायची हे वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे, काकांचा चेहरा बघून सोडून देऊ नये. टेंडरवर कोणाचे नाव आधी हे तिने ठरवावे. आमच्या लिपीच्या क्रमाने लावल्यास बांग आधी येतो, एवढे लक्षात आणून देतो.

आज बुधवार. साक्षीदारांचे.

पहिला साक्षीदार नो मान-शिक, चढाखालच्या केशकर्तनालयाचा मालक. त्याने मृत्युपत्र दोनदा वाचले, दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक खुर्चीत ताटकळत असताना. त्याच्याकडून ही गोष्ट गावभर होणार, हे गृहीत धरले आहे.

दुसऱ्या साक्षीदाराला बोलवायला मी माल-सुनला पाठवले नाही. स्वतः गेलो. वरच्या गल्लीपर्यंत तीन ठिकाणी थांबावे लागले. प्यो गच्चीत कोबी निवडत होता. मी म्हणालो, "दादा, सही हवीय. आधी वाच. बऱ्याच ठिकाणी तुझं नाव आहे."

"चांगलं लिहिलंयस की वाईट?"

"दोन्ही."

"मग वाचून काय करू? अठ्ठावीसला मुलं टेंडर भरायला जातायत, तेवढ्यापुरतं बरा हो," असे म्हणून त्याने हात पुसले आणि सही केली. न वाचता. चष्मासुद्धा शोधला नाही. सत्तेचाळीस वर्षे मी हेच बघत आलो आहे. असा माणूस बुडायला हवा होता. त्याची सही सरळ रेषेत आली आहे. माझी खाली उतरत गेली आहे, ती चढ चढून आल्यामुळे, असे समजावे.

साक्षीदार:
१. नो मान-शिक (सही)
२. प्यो गिल-जू (सही)

लिहून ठेवणार: बांग दोक-साम (सही व शिक्का)

मासान, वरच्या गल्लीतल्या प्योच्या गच्चीत
बुधवार, १२ मार्च २०२५