न झिजलेलं टोक

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे, हे आधी सांगतो. बाकीचं आईला सावकाश वाचून दाखवा.

मी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं, हे तुम्हाला बातम्यांतून कळलं, त्याचं वाईट वाटतं. सकाळी कर्णधाराला सांगितलं आणि दुपारपर्यंत सगळीकडे झालं. कुणाशी भांडण नाही, मला कुणी काढलेलंही नाही. जेवण वेळेवर होतंय. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? धाकटी येऊन राहिली आहे ना?

बूट पार्सलने पाठवलेत, दर दौऱ्यानंतर पाठवतो तसेच. चेंडू टाकताना माझा उजवा पाय मागे फरफटतो, बुटाचं टोक झिजतं आणि तुम्ही दुकानात बसून त्यावर नवं चामडं शिवता. झीज बघूनच म्हणता, "या खेपेला चांगला जोर लावलाय गड्याने." कधी चुकला नाहीत.

या खेपेला पाच सामने खेळूनही टोक जवळजवळ कोरं आहे. वेग का नाही, असं विचारणाऱ्यांना मी खेळपट्टी संथ होती म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तुम्ही बूट हातात घेताच ओळखलं असतं, म्हणून पार्सल पोचायच्या आधी हे पत्र.

बूट दुरुस्त करू नका. त्यापेक्षा माझ्या मापाच्या चपला शिवून ठेवा. बक्कल नको, न वाकता पाय सरकवता आला पाहिजे.

हे शेवटचं आईला वाचून दाखवू नका.

तुमचा,
थोरला