दोन दारं, एक खोली

३ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! आणि तीही भुयारं काढायची. असल्या कामाला कुणी पगार देतं यावर आईचा अजून विश्वास बसत नाही. इथे टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ बनतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन फासे टाकत भुयारात शिरतात. ते भुयार कागदावर काढायचं काम माझं. माझी खोली वरच्या मजल्यावर, बाहेर छोटा बोळ, बोळात दोन दारं: डावं चहाच्या खोलीचं, उजवं जिन्याचं. मालकीणबाई फार गोड बोलतात. माझ्या जागी आधी नकाशेकाका होते, ते न सांगता सोडून गेले म्हणे. चष्मा मात्र टेबलावरच राहिलाय. जाड भिंगाचा आहे, बिचारे रस्ता कसे ओलांडत असतील कोण जाणे.

५ तारीख, बुधवार
वाट फुटली की खेळाडूला काहीतरी कळलं पाहिजे, हा माझा हट्ट. डावीकडून ओलसर वारा, उजवीकडून धुराचा वास, एवढंही पुरतं. मग ते आपसांत भांडतात, ठरवतात, आणि चुकले तरी ती चूक त्यांची स्वतःची असते. बाईंना ही थेरं वाटतात. त्यांनी एक तयार आराखडा हातात दिला आणि सांगितलं, की दोन दारं काढ, दोन्ही एकाच खोलीत उघडू देत, खेळाडूंना काय कळतंय. ही शुद्ध फसवणूक आहे, असं मी तोंडावर म्हटलं. त्या हसल्या. पहिल्याच आठवड्यात एवढा तोरा बरा नव्हे म्हणाल्या.

६ तारीख, गुरुवार
शेवटी तुकवली मान. पेन्सिलीवर शाई फिरवली: दोन दारं, एक खोली. कागद माझ्याच टेबलावर वाळत ठेवलाय, बाईंच्या शाईला वाळायला दिवस लागतो. घरी जाताना स्वतःचाच इतका राग आला की आईवर उगाच खेकसले.

७ तारीख, शुक्रवार
अकराला चहासाठी उठले. डावं दार उघडलं, तर बिनखिडकीची खोली, मधे रिकामं टेबल. चहाचा पत्ता नाही. म्हटलं, जिन्याने खाली जावं. उजवं दार उघडलं. तीच खोली, तेच टेबल. चार वेळा करून पाहिलं. पाचव्यांदा मला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच भीती वाटली.

दुपार. कागद नीट पाहिला. आराखडा याच घराचा आहे. त्यात माझ्या खोलीला खिडकी नव्हती, आता खऱ्या खोलीलाही नाही. दुसऱ्याच्या रेघांवर न विचारता शाई फिरवली, गाढव मी! त्या खोलीच्या पलीकडे बाईंच्या हातची एक चौकट आहे, बिनदाराची. आत इवलासा माणूस. हात पुढे करून चाचपडतोय.
भिंतीवर मी तीन ठोके दिले. तिकडून तीन आले.

८ तारीख, शनिवार
बाई भिंतीपलीकडून बोलतात. मी सांगेन तशीच भुयारं काढायचं कबूल कर, लगेच घरी जाशील. काकाही असेच हट्टी होते म्हणाल्या. मी सांगितलं, खड्ड्यात जा.
बाईंच्या शाईची बाटली माझ्याच टेबलावर आहे. त्याच कागदावर त्या खोलीला दोन नवी दारं काढली. खरी. डावं रस्त्यावर, उजवं काकांकडे.
बाईंना कळलं. त्यांनी त्यांच्या कागदावर अट घातली आणि भिंतीपलीकडून ऐकवली — एक उघडलं की दुसरं बुजेल. ठीक आहे. आता निवड तरी खरी आहे.

९ तारीख, रविवार
शाई वाळली, दारं आली.
डावीकडून सायकलची घंटा. फटीतून ऊन. उजवीकडून ठोके — तीनच, पण फार हळू.
बाई म्हणतात, डावीकडे जा पोरी, आई वाट बघत असेल. बघत असेलच. आई, मला फार भीती वाटतेय. पण हे मला कळून-सवरून निवडायचंय —
चष्मा घेतला. बाटली घेतली.

उजवं.

काका आहेत. जिवंत. चष्मा लावला आणि रडले.
मागे डावं दार बुजलं. बुजू दे.
चार भिंती, कोऱ्या. पलीकडे पेनाची कुरकुर — बाई आता थेट भिंतीवरच काढतायत — शाई वाळायच्या आत भिंती सरकतायत, कोपर लागतोय —
काढू देत. अर्धी बाटली आहे माझ्याकडे. काका बोटाने जागा दाखवतायत, इथून वारा येतो म्हणतात, मी दाराची पहिली रेघ —