तोंड मिटलेला फोटो

अमरावती, गुरुवार

खुशालराव भाऊजींना,

वहिनीचा नमस्कार. वयानं मी मोठी आहे म्हणून सोबत आशीर्वादही जोडते. ते घ्यायचे की परत पाठवायचे, हे पत्र पूर्ण वाचून ठरवा. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? आजची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या, मग पुढे वाचा. बेबीताईंचे गुडघे काय म्हणतात? त्यांना सांगा, थंडीत तिळाचं तेल कोमट करून लावा आणि तुमच्यामागे वर-खाली करणं थोडं कमी करा. मी, किशोर, सूनबाई, सगळे बरे आहोत. या जमान्यात वहिनी पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी तिसऱ्या वाक्याला आले की तुम्ही "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणता आणि ठेवून देता. (आवाज स्वच्छ येत असतो, हे मला तुमच्याच घरातून कळलं आहे. कोणाकडून ते विचारू नका, तिचे गुडघे आधीच दुखतात.) पत्र मध्येच तुटत नाही.

तुम्ही पाठवलेलं पार्सल मिळालं. तुमच्या दादांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या पत्रिका आणि भिंतीवर लावायचा मोठा फोटो, दोन्ही नीट पोचले. तुम्ही अकोल्यात सभागृह ठरवलंत, प्रवचनाला महाराज ठरवलेत, एवढी धावपळ केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इथपर्यंत मी चांगली वागले आहे याची नोंद घ्या, कारण आता बिघडणार आहे.

आधी फोटोचं बोलू. मूळ फोटो मीच तुम्हाला दिला होता, चिखलदऱ्याचा. हातात भाजलेलं कणीस, मान मागे टाकलेली, तोंड एवढं उघडं की दाढा दिसाव्यात. त्या हसण्याला कारण काहीच नव्हतं, कणीसवाल्याचं आडनाव विचारलं आणि तो यांच्या मामेभावाच्या साडूच्या गावचा निघाला, एवढंच. तो फोटो तुम्ही स्टुडिओत दिलात आणि त्यांनी कॉम्प्युटरवर हातातलं कणीस काढलं, अंगात कोट घातला, गळ्यात टाय बांधला, मागे ढग सोडले आणि तोंड मिटलं. भाऊजी, चाळीस वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही ते त्या स्टुडिओवाल्यानं करून दाखवलं, त्याचा सत्कार करायला पाहिजे. पण तोंड मिटताना तो डोळे विसरला. हसताना यांचे डोळे बारीक व्हायचे, गाल वर चढायचे, ते सगळं जागच्या जागी आहे. त्यामुळे नाकाच्या वर माणूस हसतो आहे आणि नाकाच्या खाली मयतीला आला आहे. सूनबाई त्या फोटोकडे बघून म्हणाली की बाबांच्या पोटात कळ आल्यासारखी वाटते. (तुमच्याबद्दल ती काही म्हणाली नाही. तिला वळण चांगलं आहे.)

तरी मी तो लावला. म्हटलं, धाकट्या दिरानं हौसेनं केलं आहे. दुसऱ्या दिवशी अब्दुल सत्तारभाई आले. यांच्या मोटारपंपाच्या दुकानाला लागून त्यांचं गाद्यांचं दुकान, ते तुम्हाला ठाऊकच आहे. यांच्यामागेही आठवड्यातून एकदा येऊन बसतात, चहा घेतात, जातात. फोटोसमोर उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मला विचारतात, "वहिनी, हा फोटू कोनाचा होय? आन् नत्थुभाऊचा काहून नाई लावला?" मी म्हटलं, हेच नत्थुभाऊ. ते बराच वेळ बघत राहिले, मग दिवाणावर बसले आणि म्हणाले, "मंग हा कोट कोनाचा होय?" मी हसायला लागले, तेही हसायला लागले, आणि मग भाऊजी, आम्ही दोघं हसत नव्हतो. चहा तसाच गार झाला. त्याच संध्याकाळी मी फोटो उतरवला. चौकट आणि काच उत्तम आहे, ती ठेवून घेतली आहे. आत चिखलदऱ्याचा कणसासकटचा फोटो मोठा करून बसवला आहे.

आता पत्रिका. तीत तुम्ही छापलं आहे, "मितभाषी, धीरगंभीर व एकांतप्रिय व्यक्तिमत्त्व कै. नत्थुजी." मी चष्मा लावून आणि काढून, दोन्ही पद्धतींनी वाचलं. एकांतप्रिय? हा माणूस न्हाणीतून अंगाला साबण लावता लावता रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला थांबवायचा, आणि तो कोण हे टॉवेल गुंडाळून बाहेर आल्यावर बघायचा. पंप जळाला म्हणून रडत आलेलं गिऱ्हाईक दुकानातून हसत जायचं आणि घरी गेल्यावर त्याला आठवायचं की पंप तसाच आहे. मितभाषी म्हणता, तर पातूर विसरलात? तुम्ही दोघं भाऊ तिथं कोणाच्या घरी सांत्वनाला गेला होता. हे पुढे, तुम्ही मागे. गल्ली चुकली, घर चुकलं, हे सरळ आत शिरले, दारातल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की देवापुढे कोणाचं चालत नाही, आणि आतल्या खाटेवरून एक आजारी म्हातारा उठून बसला. "कोन गेलं रे?" म्हणाला. दुसरा कोणी असता तर पळाला असता. यांनी म्हाताऱ्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मले तं वाटलं तुमीच गेले." तुम्हाला धरणी दुभंगली तर बरं असं झालं होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. पण तो म्हातारा इतका हसला, इतका हसला की घरातल्यांना वाटलं आता खरंच जातो. मग त्यानं महिनाभरात पहिल्यांदा पोटभर भाकर खाल्ली, यांना शेजारी बसवून. पुढे बरीच वर्षं जगला आणि दर संक्रांतीला तीळगूळ पाठवत राहिला. महाराजांच्या प्रवचनात हे येणार आहे का?

मी यांची आरती ओवाळते आहे असं समजू नका. अकोल्याच्या त्या लग्नातून परतताना यांनी दिसेल त्याला जीपमध्ये बसवलं, "चाला, चाला, जागा हाय," करत, आणि बायकोला कार्यालयाच्या दारात विसरून अमरावतीची वाट धरली. मूर्तिजापूरला सगळ्यांना चहा पाजताना माझ्याकडे सुपारी मागायला वळले तेव्हा कळलं. तोवर मी तुमच्या घरी येऊन, बेबीताईंच्या साडीत, तुमच्या पंगतीला बसले होते. दोन दिवस बोलले नाही मी. तिसऱ्या दिवशी त्या जीपमधल्या एका अनोळखी बाईनं माझ्यासाठी लोणच्याची बरणी पाठवली, "भाऊंच्या घरच्यांना" म्हणून. अशा माणसावर रागवायचं तरी किती?

आणि तुमच्या पत्रिकेत शेवटी आहे, "अल्पोपहाराची सोय केली आहे." या माणसानं आयुष्यात अल्प असं काही केलं आहे का, भाऊजी? बंद डब्यात दोन कचोऱ्या आणि पेपरचा रुमाल देऊन तुम्ही लोकांना वाटेला लावणार आणि त्यांना सांगणार की हे नत्थुजींच्या नावानं?

म्हणून माझं ठरलं आहे, ते ऐका. मी अकोल्याला येणार नाही. किशोर येणार नाही. लेक सीमा नागपूरहून निघून थेट इकडेच येते आहे. सकाळी गुरुजी सांगतील ते सगळं विधिपूर्वक करू, त्यात काही कमी पडणार नाही. मग चांदूर बाजारच्या आपल्या मळ्यात जायचं. संत्र्याच्या झाडांखाली पंगत, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि तूप हात आखडून वाढायचं नाही. पत्रिका नाही. ज्याला कळलं तो आला. लोक नावं ठेवतील हे किशोरनंही मला सांगून पाहिलं. (त्यानं तुमचं तोंड आठवून सांगितलं, मला कळलं.) ठेवू देत. विधवा बाईनं पुढे पुढे करू नये, कोपऱ्यात बसावं, असं तुमच्याकडच्या दोन थोर बायकांनी मला गोड शब्दांत सुचवलं आहे. त्यांना माझा निरोप द्या की त्या दिवशी वाढायला मी उभी राहणार, हिरवं लुगडं नेसून, आणि त्या आल्या तर त्यांच्या ताटात पहिला रोडगा मीच घालणार. वर्षभर मी दार लावून जेवले आहे. या घरात जेवताना दार लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला घास गिळता यायचा नाही, सुनेला कळू नये म्हणून पाणी पीत राहायचे. आता पुरे झालं.

राहता राहिलं एक, आणि ते मी लिहिणारच. दादांचं तोंड तुम्ही का मिटलंत हे मला पक्कं ठाऊक आहे. ते तोंड उघडलं की गावच्या दंडारीतल्या नाटकाची गोष्ट बाहेर पडते. तुम्ही कॉलेजात होता, मिसरूड फुटायचं होतं, आणि तुम्हाला सासरी निघालेल्या लेकीचं काम दिलं होतं. सासूबाईंचं नऊवारी, नाकात नथ, डोळ्यांत काजळ. हे तुमचे भाऊ झाले होते, तुम्हाला सासरी घालवणारे. ऐन वेळी कोणाच्या बंडीचा बैल सुटला, माणसं पांगली, तुम्ही निऱ्या हातात धरून धूम ठोकली ती पाटलांच्या घरात. तिथं पाटलांची आत्या, दिसायचं तिला कमी. नवी सून दारात आली म्हणून तिनं तुम्हाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि विचारलं, "कोनाची सून होय वं तू?" तुम्ही बारीक आवाजात म्हणालात, "शेजारच्यांची." आणि बाई पुरती ओटी भरेपर्यंत तुम्ही पदर पसरून मुकाट बसून राहिलात. ही गोष्ट यांनी प्रत्येक पंगतीत सांगितली, आणि प्रत्येक वेळी ओटीपाशी आली की तुम्ही उठून बाहेर गेलात. तुम्ही पुढे साहेब झालात, सही करताना लोक उभे राहायचे, तुम्हाला ती गोष्ट नको होती, हे मी समजू शकते. पण मळ्यात त्या दिवशी ती गोष्ट सांगितली जाणार, तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. सत्तारभाई सांगणार आहेत.

तुम्ही सभागृहात जे करायचं ते खुशाल करा. महाराजांना माझा दंडवत. बेबीताईंना आणि मुलांना आशीर्वाद. तुम्हाला द्यायचे की नाही ते अजून माझं ठरत नाही.

तुमची वहिनी,
मनकर्णा

ता. क. महाराजांना ठरवलंच आहे तर त्यांनाही मळ्यात घेऊन या. पोटभर रोडगे खाल्ल्यावर ते काय बोलतात ते ऐकू.

पुन्हा ता. क. बेबीताईंना खाली बसवणार नाही, त्यांच्यासाठी खुर्ची सांगून ठेवली आहे. तुमच्यासाठी शेजारी दुसरी सांगितली आहे. ती उगीच सांगितली असं समजा.

शेवटचा ता. क. वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं, पण खरं सांगते. काल सत्तारभाईंनी इथं बसून गोष्ट सांगून पाहिली. कोणी हसलं नाही. मग किशोरनं सांगितली, ती तर बैलापाशीच अडकली. मी सांगायला गेले आणि मला पुढचं बोलता येईना. ती गोष्ट तुमच्याशिवाय कोणाला येणार नाही. पण तुम्ही दर वेळी ओटीपाशी उठून गेलात, म्हणून तुम्हाला तिचा शेवट ठाऊक नाही, तो लिहून पाठवते. बैल धरून आणल्यावर तुम्ही ती भरलेली ओटी घेऊनच परत उभे राहिलात आणि माहेर सुटणाऱ्या लेकीचं काम पुरं केलंत. इथं आल्यावर हे हसणं थांबवायचे. म्हणायचे, "लोकं म्हन्तात नत्थू साऱ्यायले हासवते. पन माह्या खुशालनं त्या दिवशी सारं गाव रडवलं. माय रडली, पाटील रडला. मले बोलाचं होतं, मी भाऊ होतो न त्याचा, पन माह्या तोंडातून शब्दच नाई निंघाला." एवढं बोलून तुम्ही गेलात त्या दाराकडे बघत बसायचे. तुम्ही आत याल असं त्यांना दर वेळी वाटायचं, तुम्ही कधी आला नाहीत. यंदा या, भाऊजी, आणि शेवटापर्यंत सांगा. ती गोष्ट ओटीपाशी थांबली, तर मला ते खरंच गेले असं वाटेल.