दोघांचं जहाज

३ फेब्रुवारी
रिटायर झाल्यापासून ह्यांनी पहिल्यांदाच काही हाती घेतलं. लाकडी शिडाचं जहाज, रिमोटवर चालणारं. तीन दिवसांत एक फळी चिकटवली. ह्या वेगाने जहाज होईपर्यंत गावातलं तळं आटेल. मदत करायचं ठरवलं. छत्तीस वर्षांत प्रथमच दोघं मिळून काही करू.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
टाइमटेबल भिंतीवर लावलं. २३ तारखेला जहाज पाण्यात. ह्यांनी वाचलं, "बरं" म्हणाले. उत्साह दिसला.

९ फेब्रुवारी
ह्यांची फळी वाकडी होती. उखडून सरळ लावली. जहाजाच्या फळ्या वाकवायच्याच असतात म्हणे. पुन्हा उखडली. हे पॉलिशपेपर घासतात. घासण्यात हात चांगला आहे.

१४ फेब्रुवारी
मुलीचा फोन. "आई, जहाज बाबांचं आहे ना गं?" म्हटलं, अर्थात. "मग बाबा कुठायत?" फळ्या चिकटवायचा सरस आणायला पाठवले होते.

१८ फेब्रुवारी
हे म्हणतात, तळाला शिशाचं वजन हवं, नाहीतर वाऱ्याने कलंडेल. बी.एस्सी.ला माझं फिजिक्स होतं. तरंगायच्या वस्तूला वजन बांधा, हे कोणत्या पुस्तकात? सुताराला विचारलं. "बाई, साहेब बरोबर बोलतायत." सुतार खुर्च्या करतो. त्याला जहाजातलं काय कळणार?

२२ फेब्रुवारी
शिडं शिवून झाली. वजनाचा विषय चौथ्यांदा निघाला. बंद केला. मग विचारतात, रिमोट कोण धरणार? आयत्या वेळी असले प्रश्न!

२३ फेब्रुवारी, रविवार
रिमोट मी धरला. पहिल्यांदाच म्हणून. अकरा सेकंद जहाज देखणं चाललं. मग वारा आला आणि ते आडवं झालं. रिमोटची दांडी डावीकडे ढकलली, उजवीकडे ढकलली. उताणं झालं. हे पँट दुमडून पाण्यात शिरले. मी काठावरून सूचना देत होते. जहाज काखोटीला मारून बाहेर आले आणि थेट घरी चालू लागले. वारा चुकीच्या दिशेचा होता.

२४ फेब्रुवारी
ह्यांनी जहाज, हत्यारं, टेबल सगळं मागच्या खोलीत हलवलं. आतून कडी. दार वाजवून म्हटलं, मदतीला येते. म्हणाले, "लागली तर हाक मारतो."

२७ फेब्रुवारी, दुपारी ४
आतून घासल्याचा आवाज येतो. मध्येच शीळही. ह्यांना शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं.
खुर्ची दाराशी ओढून घेतली आहे. वाट वगैरे बघत नाही. इथे उजेड बरा आहे.